टॉर्क जास्त असलेली मोटरसायकल चढावर चांगली की अश्वशक्ती जास्त असलेली?

मागे माणूस बसलेला असताना, सारखा गिअर न बदलता चढ चढायचा असेल, तर कमी आरपीएमला (म्हणजे इंजिनाच्या दर मिनिटाच्या कमी फेऱ्यांना) भरपूर टॉर्क देणारे इंजिन सोयीचे पडते. सपाटीवरचा सर्वाधिक वेग मात्र प्रामुख्याने अश्वशक्तीवर ठरतो. टॉर्क म्हणजे क्रँकशाफ्टला (इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याला) मिळणारा पीळ, तर अश्वशक्ती म्हणजे त्या पिळातून दर सेकंदाला किती काम होते याचे माप, त्यामुळे या दोन गोष्टी एकमेकींच्या प्रतिस्पर्धी नाहीत. न्यूटन-मीटरमधील टॉर्कला आरपीएमने गुणून ९५४९ ने भागले की किलोवॉटमधील शक्ती मिळते: २० न्यूटन-मीटर टॉर्क ४००० आरपीएमला सुमारे ८.४ किलोवॉट, म्हणजे साधारण ११.४ मेट्रिक अश्वशक्ती देतो, आणि तोच टॉर्क ८००० आरपीएमपर्यंत टिकला तर शक्ती दुप्पट होते. म्हणून माहितीपत्रकातील मोठ्या आकड्यापेक्षा (जाहिरातीत तोच ठळक छापतात) त्याच्यापुढे लिहिलेला आरपीएम आधी पाहावा. मात्र क्रँकशाफ्टवरचा टॉर्क चाकाला जसाच्या तसा मिळत नाही. प्राथमिक रिडक्शन (इंजिन आणि क्लच यांमधली फेऱ्या कमी करणारी दातेरी चाके), गिअर आणि स्प्रॉकेट (साखळीची दातेरी चाके) यांमुळे तो कित्येक पटींनी वाढतो. त्यामुळे वजन सारखे असेल, तर जास्त अश्वशक्तीची गाडी खालच्या गिअरमध्ये टाकून इंजिन वरच्या आरपीएमला फिरते ठेवल्यास तीच चढ अधिक वेगाने चढेल. फक्त इंजिनाचा आवाज आणि क्लच-गिअरची खटपट चालकाला सोसावी लागेल.