नॅसवरचा क्लाउड बॅकअप: चार प्रश्न, चार उत्तरं

नॅस म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेला, डिस्क असलेला डबा. त्यातल्या डेटाची प्रत इंटरनेटवर ठेवण्याबद्दलचे हे प्रश्न.

सांगलीहून: सिनॉलॉजी कंपनीच्या नॅसवर डॉकरमध्ये (सॉफ्टवेअर वेगळ्या बंद खोलीत, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवायची सोय) डुप्लिकाटी हे बॅकअपचं सॉफ्टवेअर टाकलं. बॅकअप दीड मिनिटात 'यशस्वी' होतो, पण क्लाउडवर काही केबीच दिसतात. फोटो ८०० जीबी आहेत हो!

ह्यात सॉफ्टवेअरची काही चूक नाही, त्याला रिकामं फोल्डर दाखवलंत, त्याने इमानदारीत रिकामं फोल्डर चढवलं. कंटेनरला नॅसवरचं काहीच आपोआप दिसत नाही, व्हॉल्यूम सेटिंगमध्ये तुम्ही जे जोडाल तेवढंच. तिथे दोन रकाने असतात, एकात नॅसवरचं खरं फोल्डर आणि दुसऱ्यात ते कंटेनरच्या आत कुठल्या नावाने दिसेल ते, समजा 'सोर्स'. बॅकअपच्या जॉबमध्ये हे दुसरं नाव निवडायचं असतं. बहुतेकजण सवयीने पहिलं टाकतात आणि फसतात.

एवढं करूनही फाईली वाचता येत नसतील तर परवानगीचा घोळ आहे. कंटेनरला युझरचा आणि ग्रुपचा नंबर द्यावा लागतो. सिनॉलॉजीवर तुम्ही बनवलेला पहिला युझर साधारण १०२६ असतो आणि 'युझर्स' ग्रुप १००, तरी एसएसएचने (नॅसवर दुरून कमांड चालवायची सोय) आत जाऊन स्वतः बघून घ्या. आणि फोटोंचं फोल्डर रीड-ओन्लीच जोडा, म्हणजे बॅकअपवाल्याच्या हातून काही पुसलं जाणार नाही. रिस्टोअरसाठी वेगळं फोल्डर द्या.

नाशिकहून: २ टीबी डेटा, अपलोड ४० एमबीपीएस. किती दिवस लागतील? घरी सगळे ओरडतायत की व्हिडिओ कॉल अडकतो.

कागदावर साडेचार दिवसांच्या थोडं वर, प्रत्यक्षात आठवडा धरून चाला. कॉल अडकतो कारण बॅकअप अख्खं अपलोड खाऊन बसतो, आणि अपलोड तुंबलं की डाउनलोडही रखडतं, समोरून आलेल्या पॅकेटची पोच पाठवायलाच जागा राहत नाही ना. दिवसा २० एमबीपीएसची मर्यादा लावा, रात्री ११ नंतर मोकळं सोडा. प्लॅनला एफयूपी (डेटा वापराची मर्यादा) आहे का तेही बघा, बहुतेकदा अपलोडही त्यात मोजतात.

सगळं एकदम चढवू नका. आधी फोटो आणि कागदपत्रं, मग बाकीचं. डाउनलोड केलेले सिनेमे चढवायचेच कशाला? मध्ये लाईट गेली तर घाबरू नका, रेस्टिकसारखं बॅकअपचं सॉफ्टवेअर पुन्हा चालवलं की आधी चढलेलं परत चढवत नाही. नॅसला छोटा यूपीएस मात्र हवाच, तो बॅकअपसाठी नाही, डिस्कसाठी. अजून एक, बॅकब्लेझ या क्लाउड कंपनीचा कॉम्प्युटरसाठीचा अनलिमिटेड प्लॅन नॅस घेत नाही, त्यासाठी त्यांचं बी२ नावाचं स्टोरेज वापरावं लागतं आणि तिथे टीबीप्रमाणे पैसे.

ठाण्याहून: दोन डिस्क मिररमध्ये आहेत, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा. मग क्लाउड कशाला?

चुकून फोल्डर डिलीट केलंत तर ते दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जातं, म्हणून. २०२२ च्या जानेवारीत डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरने (फाईली लॉक करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम) इंटरनेटवर उघड्या असलेल्या क्यूनॅप कंपनीच्या कितीतरी नॅसना कुलूप घातलं, तेव्हा मिरर असणाऱ्यांच्याही दोन्ही डिस्क लॉकच झाल्या. क्लाउड बॅकअपसाठी राउटरवर पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) उघडायची गरज नसते बरं का, कनेक्शन आतून बाहेर जातं. कोणी उघडायला सांगितलं तर उघडू नका.

पुण्याहून: एन्क्रिप्शनचा (बॅकअपला कुलूप घालायचा) पासवर्ड विसरलो तर क्लाउडवाली कंपनी काढून देईल का?

नाही. तुमच्याकडेच एन्क्रिप्ट होऊन गेलेल्या डेटाची किल्ली त्यांच्याकडे नसतेच. माझीच फजिती सांगतो. रेस्टिकचा पासवर्ड मी शहाण्यासारखा टेक्स्ट फाईलमध्ये लिहून ठेवला होता, नॅसवरच. एक दिवस नॅसचा अडॅप्टर जळाला, म्हटलं क्लाउडवर आहे की सगळं, आणि मग लक्षात आलं की किल्ली घरातच कोंडली गेलीये. नवा अडॅप्टर यायला चार दिवस लागले, तोवर तोंड दाखवायला जागा नव्हती. आता तो पासवर्ड कागदावर, सातबाराच्या फाईलमध्ये, आणि एक प्रत बहिणीकडे.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एखादी फाईल क्लाउडवरून उतरवून उघडतो, तीही लॅपटॉपवर, नॅसला हात न लावता. परवा आजीच्या पंचाहत्तरीचा फोटो उतरवला. आडवा उघडला, पण तो मुळातच आडवा होता.