दिवाळी अंकात छापायच्या दुव्यांसाठी स्वतःच्या सर्व्हरवर लघुदुवा सेवा कशी उभारावी?

आपल्या संस्थेला दिवाळी अंकात कवितावाचनाच्या ध्वनिमुद्रणांचे दुवे क्यूआर कोडसह छापायचे आहेत, त्यासाठी लांब पत्त्याऐवजी आखूड दुवा (लघुदुवा) देणाऱ्या फुकट सेवेवर विसंबायचे नाही आणि हाताशी भाड्याचा एक छोटा सर्व्हर आहे, असा आपला प्रश्न मला समजला. आमच्या अंकासाठी हेच काम मी करतो.

सॉफ्टवेअरच्या आधी डोमेनचा, म्हणजे दुव्यातल्या संकेतस्थळाच्या नावाचा, विचार करावा, कारण तिथली चूक अंक छापल्यावर दुरुस्त करता येत नाही. संकेतस्थळावरचा दुवा पाच मिनिटांत बदलता येतो. छापलेला अंक मात्र वाचकाच्या कपाटात वर्षानुवर्षे राहतो. आम्ही एका वर्षी फुकट सेवेचे दुवे छापले आणि अंक विक्रीला असतानाच त्या सेवेने मध्ये जाहिरातीचे पान दाखवायला सुरुवात केली. कविता ऐकायला आलेल्या ज्येष्ठ वाचकांना पुढे कुठे जायचे तेच कळेना. मोठ्या कंपनीची सेवाही कायमची नसते. गुगलने आपल्या लघुदुवा सेवेत नवे दुवे बनवणे २०१९ मध्ये थांबवले आणि ज्या जुन्या दुव्यांवर वर्दळ उरली नव्हती, ते २५ ऑगस्ट २०२५ पासून बंद करण्याचे ठरवले. संस्थेचे डोमेन असल्यास त्याचेच छोटे उपडोमेन (मूळ नावाआधी एक शब्द जोडून केलेले नाव) घ्यावे. केवळ आखूड दिसते म्हणून परक्या देशाच्या प्रत्ययाचे नाव घेऊ नये; उदाहरणार्थ, ‘डॉट एलवाय’ हा लिबियाचा प्रत्यय आहे. २०१० मध्ये लिबियाच्या नोंदणी संस्थेने ‘व्हीबी डॉट एलवाय’ ही लघुदुवा सेवा तिचे डोमेन काढून घेऊन बंद पाडली होती. डोमेनची नोंदणी संस्थेच्या नावावर आणि संस्थेच्याच ईमेलवर असावी, एखाद्या उत्साही कार्यकर्त्याच्या नव्हे.

लघुदुवे बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये माझी पसंती श्लिंकला आहे. साधे सामायिक होस्टिंग (अनेकांनी वाटून घेतलेला सर्व्हर) असते तर पीएचपी ही प्रोग्रामिंग भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस एवढ्यावर चालणारे युअर्ल्स हे तसेच सॉफ्टवेअर सुचवले असते. पण आपल्याकडे स्वतंत्र सर्व्हर असल्यामुळे श्लिंकचा डॉकर कंटेनर (सॉफ्टवेअर त्याच्या सगळ्या गरजांसह बांधून दिलेला तयार डबा) चालवून त्याच्यापुढे कॅडी हा वेब सर्व्हर ठेवणे सोपे पडते, कारण सुरक्षित (एचटीटीपीएस) जोडणीसाठी लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचे मोफत प्रमाणपत्र मिळवणे आणि मुदतीपूर्वी त्याचे नूतनीकरण करणे ही दोन्ही कामे कॅडी आपोआप करतो. एक काळजी पहिल्याच दिवशी घ्यावी: वेगळे काही न सांगितल्यास श्लिंक आपली माहिती कंटेनरच्या आतच साठवतो, त्यामुळे पुढे अद्ययावत करताना जुना कंटेनर काढून टाकला की सारे दुवे त्याच्याबरोबर जातात. म्हणून मारियाडीबी किंवा पोस्टग्रेस यांपैकी एक डेटाबेस कंटेनरच्या बाहेर ठेवून श्लिंकला त्याच्याशी जोडावे आणि रोजची प्रत दुसऱ्या यंत्रावर पाठवावी. दुवे बनवण्याची सोय सर्वांना खुली ठेवू नये. फसवणुकीचे दुवे दडवण्यासाठी अशा जागा शोधल्या जातात आणि मग सगळे डोमेनच काळ्या यादीत जाते. श्लिंकमध्ये दुवा बनवायला एपीआय की, म्हणजे पासवर्डसारखी एक गुप्त किल्ली, लागते. ती एक-दोन जणांकडेच असावी.

पुनर्निर्देशनाचा, म्हणजे लघुदुव्यावरून वाचकाला मूळ पत्त्यावर पाठवण्याचा, प्रकार ३०२, म्हणजे तात्पुरता, असू द्यावा; हा आकडा सर्व्हर ब्राउझरला पाठवतो. श्लिंकमध्ये तो मुळातच तसा असतो. युअर्ल्स ३०१ देते, आणि ३०१ हा कायमचा बदल समजून ब्राउझर तो लक्षात ठेवतो, त्यामुळे ध्वनिफीत उद्या दुसरीकडे हलवली तरी पूर्वी येऊन गेलेला वाचक जुन्याच पत्त्यावर जाऊ शकतो. छापील दुव्यामागचे ठिकाण बदलता यावे यासाठीच तर हा खटाटोप आहे.

दुव्याचे शेपूट (डोमेननंतरचा भाग) देवनागरीत ठेवण्याचा मोह मलाही झाला होता. परंतु यूटीएफ-८ या संगणकीय लिपी-संकेतामध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते आणि पत्त्यात प्रत्येक बाइट ‘%’ व दोन अक्षरे असा लिहिला जात असल्यामुळे ते नऊ अक्षरांचे होते; मात्रा धरून पाच चिन्हांचा ‘कविता’ हा शब्द तिथे ४५ अक्षरे खातो. क्यूआर कोडवर याचा थेट परिणाम होतो. मध्यम दुरुस्ती-पातळीवर (कोडचा थोडा भाग खराब झाला तरी तो वाचता यावा यासाठीची सोय) २६ अक्षरांपर्यंतचा पत्ता २५ गुणिले २५ घरांत, म्हणजे काळ्या-पांढऱ्या चौकोनांत, मावतो, तर १५० अक्षरांच्या पत्त्याला ४९ गुणिले ४९ घरे लागतात. तेवढ्याच जागेत ती इतकी बारीक होतात की साध्या कागदावर शाई पसरली की कोड वाचला जात नाही. म्हणून चार-पाच रोमन अक्षरांचे शेपूट घ्यावे, आणि काही वाचक पत्ता हाताने टाइप करतात हे ध्यानात ठेवून शून्य आणि ‘ओ’, एक आणि ‘एल’ अशी सारखी दिसणारी अक्षरे टाळावीत. श्लिंकमध्ये ‘लूज’ हा पर्याय निवडल्यास लहान-मोठ्या लिपीचा भेद राहत नाही. तो पहिला दुवा बनवण्यापूर्वीच निवडावा.

अंकाचे शेवटचे प्रूफ कागदावर हाती आले की त्यातला प्रत्येक कोड एखाद्या जुन्या फोनने उघडून पाहावा. पडद्यावर व्यवस्थित चालणारा आमचा एक कोड फिकट तपकिरी शाईत छापल्यावर वाचलाच जात नव्हता, आणि ते प्रुफातच लक्षात आल्यामुळे काळ्या शाईत बदलून घेता आले.