कार्टून दाखवून मुलाला घरची भाषा येईल का?

तुमच्या घरात आईची एक भाषा, बाबांची दुसरी, बाहेर तिसरी. मूल अडीच वर्षांचं. रोज आपल्या भाषेतली कार्टून लावली तर ते बोलायला लागेल का, असं विचारलंय.

नुसती लावून ठेवली तर नाही. हळूहळू कळायला लागेल, पण उत्तर बाहेरच्याच भाषेत येईल. मुलं भाषा कशी शिकतात याच्या संशोधक पॅट्रिशिया कूल यांचा २००३ मधला प्रयोग प्रसिद्ध आहे: नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांशी कुणी समोर बसून १२ वेळा मँडरिन बोललं, तेव्हा त्यांना त्या भाषेतले ध्वनी वेगळे ओळखता आले, तेच पडद्यावर दाखवलं तेव्हा नाही. पडदा उत्तरासाठी थांबत नाही ना!

म्हणून थांबायचं काम तुमचं. सात-आठ मिनिटांचा एकच भाग आठवडाभर दाखवा. कंटाळा आपल्याला येतो, मुलांना नाही. दोन दिवस शेजारी बसून नुसतं बघा, मग मध्येच थांबवायला लागा. मांजर कपाटावर चढलंय, तिथेच थांबवून विचारा, "आता काय होणार?" आणि मनात दहा आकडे मोजा. बहुतेक पालक इथेच घाई करून उत्तर स्वतःच देऊन टाकतात. मूल दुसऱ्या भाषेत बोललं तर दटावू नका. "पडणार? जमिनीवर की पलंगावर?" असं विचारलं की त्यातला एक शब्द ते उचलतं. "मांजर पडला" म्हणालं तर "हो ना, धपकन पडलं!" एवढंच. शेवटच्या दिवशी आवाज बंद करा आणि गोष्ट त्याला सांगू द्या.

ऑटोप्ले बंद हवाच, नाहीतर गाडी बघता बघता बाहेरच्या भाषेवर घसरते. डबिंग आधी ऐकून घ्या. फार पुस्तकी असेल तर मूल "मला तहान लागलेली आहे" म्हणत पाणी मागेल. या वयात पडदा दिवसाला एक तासाच्या आतच, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आजी-आजोबांचा व्हिडिओ कॉल मात्र माझ्या मते कार्टूनपेक्षा केव्हाही सरस, कारण तिकडून उत्तर येतं. पण "जेवलास का?" विचारून झालं की तो दोन मिनिटांत आटपतो. एकाच चित्रपुस्तकाच्या दोन प्रती घ्या, एक तिकडे, एक इकडे. "माझ्या पानावर बेडूक लपलाय, तुझ्या पानावर सापडतोय का?" एवढ्यावर दहा मिनिटं सहज जातात.

पुढे वाचता यायला लागलं की सबटायटल त्याच भाषेतली लावा. दुसऱ्या भाषेतली लावली की डोळे चालू, कान बंद.