वाचकांचे प्रश्न : चीक, फोड आणि मासळीचा कचरा

प्रश्न : नमस्कार सर, दोडामार्गात आमची थोडी रबराची बाग आहे. चीक गोठवायला फॉर्मिक ॲसिड घेतो पण ते महाग पडतं. शेजारचे म्हणतात बॅटरीचं ॲसिड पाण्यात घालून वापरा, ॲसिड ते ॲसिडच. चालेल का?

उत्तर : चीक गोठेल हो, तेवढं शेजाऱ्यांचं बरोबर आहे. चिकातल्या रबराच्या कणांवर प्रोटीनचा पापुद्रा असतो आणि त्यावर निगेटिव्ह चार्ज, म्हणून ते एकमेकांपासून लांब राहतात, ॲसिड घालून पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) पाचाच्या जरा खाली आला की चार्ज संपतो आणि सगळं दह्यासारखं धरतं. हे काम कुठलंही ॲसिड करेल. भानगड पुढे आहे. बॅटरीतलं सल्फ्युरिक उडून जात नाही, गोठलेलं रबर रोलरमध्ये लाटून केलेली शीट वाळताना पाणी जातं आणि ते आतच बसतं, मग रबर लवकर खराब होतं, रोलरही गंजतो, शिवाय जुन्या बॅटरीतलं असेल तर शिसं फुकट. फॉर्मिक 100.8 अंशाला उकळतं म्हणजे जवळजवळ पाण्याच्या बरोबरीनं, त्यामुळे थोडं धुण्यात आणि उरलेलं स्मोक हाऊसमध्ये, म्हणजे धुरावर शीट वाळवायच्या खोलीत, वाफेबरोबर निघून जातं. काम झालं की निघून जाणारं ॲसिड, पैसे त्याचे आहेत. ॲसेटिकनंही जमतं पण ते साधारण दुप्पट लागतं, मग वाचलं काय?

बाजारात कॅन मिळतो तो बहुतेक 85 टक्क्यांचा. तो अर्धा ते एक टक्क्यापर्यंत पातळ करायचा, पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडात पाणी नाही, आणि भांडं प्लास्टिकचं घ्या, लोखंडी बादली नको. कॅन उन्हात ठेवू नका. तीव्र फॉर्मिक पडून पडून हळूहळू फुटतं, त्यातून कार्बन मोनॉक्साइड सुटतो आणि कॅन फुगतो, म्हणून बंद खोलीत साठवायचं नाही आणि झाकण उघडताना तोंड लांब.

प्रश्न : सर, मी कुडाळला बीएस्सी करतो. पुस्तकात फॉर्मिक दुर्बळ आम्ल म्हणून दिलंय, मग लॅबमध्ये मित्राच्या हातावर थेंब पडला तर फोड कसा आला?

उत्तर : अरे, दुर्बळ म्हणजे निरुपद्रवी असं कोणी सांगितलं तुला? त्याचे फार थोडे रेणू पाण्यात आयन होतात एवढाच त्याचा अर्थ. 1 मोलर द्रावणात (लिटरला एक मोल ॲसिड) शंभरातला जेमतेम एखादा. तरी व्हिनेगरमधल्या ॲसेटिकपेक्षा ते दहा पट जोरदार आहे, पीकेए (ॲसिडचा जोर सांगणारा आकडा, जितका कमी तितका जोर जास्त) बघ, 3.75 आणि 4.76. आणि बाटलीतलं तीव्र असेल तर न फुटलेले, म्हणजे आयन न झालेले, रेणूच कातडीत शिरतात, आयन वापरले गेले की बाकीचे फुटत राहतात, म्हणजे पुरवठा संपत नाही. मित्राला सांग, पुढच्या वेळी लगेच नळाखाली हात धरायचा, पंधरा-वीस मिनिटं, सोडा वगैरे चोळत बसायचं नाही, फोड आला तर डॉक्टर.

आंब्यावर पानं शिवून घर करणाऱ्या लाल मुंग्या हेच वापरतात. त्यांना नांगी नसते, आधी चावतात आणि मग पोटाच्या टोकातून फवारा मारतात. सतराव्या शतकात इंग्लंडच्या जॉन रे यांनी मुंग्या ऊर्ध्वपातित करून हे ॲसिड वेगळं केलं होतं. आता मुंग्यांची गरज नाही, मिथेनॉल आणि कार्बन मोनॉक्साइडपासून मिथाइल फॉर्मेट करून त्याचं पाण्यानं विघटन करतात. चामडं कमावायला, कापड रंगवायला, बॉयलरचा क्षार काढायला सगळीकडे जातं.

प्रश्न : हर्णै बंदराजवळ राहतो. मासळीची डोकी-आतडी फेकून देतात, वास सुटतो. ॲसिड घालून त्याचं खाद्य करतात असं ऐकलं, खरंय का आणि त्याला फॉर्मिकच का?

उत्तर : खरं आहे, त्याला फिश सायलेज म्हणतात, आणि माझ्या मते फिशमीलच्या (वाळवलेल्या मासळीची पूड) कारखान्यापेक्षा छोट्या बंदराला हे जास्त परवडणारं. कचरा बारीक दळायचा, शंभर किलोला साधारण तीन ते साडेतीन किलो फॉर्मिक, नीट ढवळायचं, पीएच पट्टीवर 4 च्या खाली दिसला पाहिजे. मग आतड्यातली एन्झाइम्सच मांस विरघळवून पातळ करतात, आपल्या उकाड्यात ते लवकर होतं. आता फॉर्मिकच का, तर वर त्या मुलाला सांगितलं तेच. न फुटलेला रेणू बॅक्टेरियाच्या आवरणातून आत जातो आणि आत जाऊन फुटतो, म्हणून 4 च्या आसपासच जंतू थांबतात. सल्फ्युरिक वापरलं तर पीएच 2 पर्यंत न्यावा लागतो आणि जनावराला देण्याआधी चुन्यानं वगैरे उतरवावा लागतो, म्हणजे दुप्पट काम. डुकरं, कोंबड्या, तळ्यातले मासे यांना इतर खाद्यात थोडं थोडं मिसळून देतात. तारली-बांगड्यासारख्या तेलकट मासळीचं सायलेज जास्त दिवस ठेवू नका, तेल खवट होतं. आणि कोलंबीची टरफलं, कुर्ल्यांच्या कवच्या त्यात टाकू नका, त्यातलं कॅल्शियम कार्बोनेट ॲसिड खाऊन टाकतं, फेस येऊन पिंप उतू जातं आणि पीएच परत वर चढतो.