हवाईत रात्री मांटा रे (पाकटाच्या कुळातला मोठा मासा) पाहायला स्नॉर्केलिंग करावं की डायव्हिंग? बायकोला पोहता येत नाही, तिला जमेल का?

तुमच्याकडे डायव्हिंगचं सर्टिफिकेट असलं, तरी पहिल्या रात्री दोघांनी मिळून स्नॉर्केलिंगच (पाण्यावर तरंगत, नळीतून श्वास घेत खाली पाहणं) करा, असं मी आग्रहानं सांगेन. मीही दोन्ही केलंय.

हवाईतल्या बिग आयलंड या बेटाच्या कोना किनाऱ्यावर केआहोऊच्या उपसागरात हे सुरू झालं ते १९७०च्या दशकातल्या एका हॉटेलमुळे. त्याच्या दिव्यांचा झोत समुद्रावर पडायचा, उजेडाला प्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) जमायचं आणि ते खायला मांटा यायचे. आजही तेच चालतं. खाली दिवे लावलेली एक तरंगती फळी असते, तिची कड धरून पालथं पडून राहायचं. दहा-बारा फूट पंखांचा तो जीव तोंड उघडून खालून सरळ तुमच्याकडे येतो आणि अगदी वीतभर अंतरावर उलटी कोलांटी घेऊन परत जातो. पोटावरचे काळे ठिपके स्पष्ट दिसतात. प्रत्येकाचे ठिपके वेगळे, त्यावरूनच तिथले लोक एकेकाला ओळखतात. डायव्हर तीसेक फुटांवर तळाशी बसून वर पाहतात. तिथून एका वेळी अनेक मांटा दिसतात, पण इतक्या जवळून पाहायला मिळेलच असं नाही.

वहिनींना पोहावं लागणार नाही. वेटसूट (पाण्यात घालायचा रबरी पोशाख) तरंगवतो आणि फळीचा आधार असतो. मात्र चेहरा पाण्यात ठेवून तोंडानं श्वास घेता यायला हवा. निघण्यापूर्वी जवळच्या पोहण्याच्या तलावात मास्क लावून हा सराव नक्की करून घ्या. बुकिंग करतानाच पोहता येत नाही हे सांगा, कारण काही बोटवाले अशांना घेत नाहीत. बोट लागत असेल तर गोळी आधीच घ्यायची.

कोकणात पाकटाचा काटा सगळ्यांना माहीत असतो, म्हणून भीती वाटणं साहजिक आहे. मांटाला काटा नसतो आणि तो चावतही नाही. उलट धोका आपल्याकडून त्याला आहे. त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर हात लागला की निघतो आणि जंतुसंसर्ग होऊ शकतो. मादीला एका वेळी सहसा एकच पिल्लू होतं, तेही साधारण वर्षभराच्या गर्भारपणानंतर. म्हणजे त्यांची संख्या भरून यायला वेळ लागतो. त्यामुळे स्वस्त बोट शोधण्यापेक्षा हात लावू न देणारी, माणसं कमी नेणारी बोट शोधा. हवाईत २००९ पासून मांटा मारणं किंवा पकडणं हा गुन्हा आहे.

दुसऱ्या रात्री तुम्ही डाइव्ह करणार असाल, तर त्याच बेटावरच्या मौना केआ डोंगराचं शिखर आधी उरकून घ्या. ते ४,२०० मीटरवर आहे. उंचीवर हवेचा दाब कमी असतो आणि डाइव्हनंतर लगेच तो बाधू शकतो, म्हणून किमान २४ तास तिथं जायचं नाही आणि किमान १८ तास विमानात बसायचं नाही. नुसत्या स्नॉर्केलिंगनंतर हे बंधन नाही.