वॉर थंडरमध्ये मेसरश्मिट २६२ च्या तोफा लागत का नाहीत?

तुमचा प्रश्न असा आहे की नाकात ३० मिलिमीटरच्या चार तोफा असूनही समोरच्या जेटला गोळा लागत नाही आणि वळायला गेलं की आपलंच विमान पडतं, तर मेसरश्मिट २६२ हे दुसऱ्या महायुद्धातलं जर्मन जेट फायटर वाईट आहे का? अजिबात नाही. वॉर थंडर या लढाऊ विमानांच्या व्हिडिओ गेममधलं माझं हे सगळ्यात लाडकं विमान आहे. फक्त त्याच्या तोफा बॉम्बर पाडण्यासाठी आहेत आणि तुम्ही ते डॉगफाइटमध्ये, म्हणजे फायटरशी गरगर वळत चालणाऱ्या झटापटीत, उतरवताय.

आधी तोफेचं बघू. या विमानाच्या एमके १०८ तोफेची नळी आखूड, त्यामुळे गोळा सेकंदाला जेमतेम ५४० मीटर वेगाने सुटतो. एफ-८० या अमेरिकन जेटच्या मशीनगनची गोळी ८७० च्या आसपास. आता धरा, शत्रू ६०० मीटरवर ताशी ८०० किलोमीटरने आडवा चाललाय. तुमच्या विमानाचा वेग धरूनही गोळा तिथे पोचायला जवळपास सेकंद लागतो. तेवढ्यात तो दोनशे मीटर पुढे सरकलेला असतो आणि गोळा चारेक मीटर खाली आलेला असतो. एवढा अंदाज बांधून नेम धरणं कुणालाच रोज जमत नाही. म्हणून ३०० मीटरच्या आत, शक्यतो थेट मागून, तेही अर्ध्या सेकंदाचा एकच फटका. मी गन टार्गेटिंग डिस्टन्ससुद्धा (तोफांचा नेम किती अंतरासाठी जुळवायचा ते गेममधलं सेटिंग) ३०० वरच ठेवतो. फायटरला एखाद-दुसरा गोळा पुरतो. प्रत्यक्ष युद्धात बी-१७ सारख्या अवाढव्य अमेरिकन बॉम्बरलाही सरासरी चार-पाच पुरे पडत, असा जर्मनांचा हिशोब होता. गोळे एकूण ३६०: वरच्या दोन तोफांना शंभर-शंभर, खालच्या दोघींना ऐंशी-ऐंशी. बटण दाबून धरलंत तर सात-आठ सेकंदांत खालची जोडी रिकामी.

पण खरी मेख इंजिनात आहे. याच्या दोन युमो ००४ जेट इंजिनांचा रेटा प्रत्येकी ९०० किलोच्या आसपास आणि भरलेलं विमान सहा टनांच्या वर. एक कचकचीत वळण घेतलं की गेलेला वेग परत मिळवायला मिनिटं जातात, आणि तेवढ्यात मागे कुणीतरी लागतंच. समोर व्हॅम्पायर असेल तर वळायचा विचारही करू नका. (आपल्या हवाई दलाचं पहिलं जेट हेच, १९४८ साली आलेलं, वळण्यात फार चपळ.) सुरुवातीलाच मैदानाच्या कडेने उंची घ्या, वरून झेप घ्या, मारा आणि लागलं नाही तरी सरळ निघून जा. झेपेतही माख ०.८६ च्या (ध्वनीच्या वेगाच्या ०.८६ पट) पुढे ढकलू नका, नाक खाली ओढलं जातं.

बॉम्बर दिसला तर मात्र जर्मन वैमानिकांची पद्धत वापरून बघा, गेममध्येही ती सुंदर चालते. मागून आणि वरून यायचं, बॉम्बरच्या पातळीखाली चार-पाचशे मीटर उतरायचं आणि साधारण दीड किलोमीटर मागे असताना नाक वर घ्यायचं. झेपेच्या वेगामुळे बॉम्बरसोबतच्या फायटरना तुम्ही सापडत नाही आणि वर येताना जास्तीचा वेग आपोआप कमी होतो, म्हणून नेम धरायला वेळ मिळतो. या विमानाला एअरब्रेक (हवेत वेग कमी करणाऱ्या झडपा) नाहीत, तेव्हा वेग घटवण्याचा याहून चांगला मार्ग मला तरी माहीत नाही.

शेवटचं उतरण्याबद्दल. ६ नोव्हेंबर १९४४ रोजी अमेरिकन वैमानिक चक येगरने पी-५१ या पंख्याच्या फायटरमधून एक २६२ पाडलं ते धावपट्टीवर उतरत असतानाच, कारण तेव्हा त्याच्याकडे ना वेग असतो ना चटकन मिळणारी ताकद. गेममध्येही लोक नेमके तिथेच टपून बसतात. म्हणून चाकं काढायच्या आधी एकदा मागे वळून बघा, आणि कुणी येताना दिसलं तर थ्रॉटल पूर्ण उघडून सरळ पुढे निघा, आपल्या विमानवेधी तोफांच्या डोक्यावरून.