सीएस हुकलं म्हणजे कॉम्प्युटर हुकलं का?

बारावीचे आणि जेईईचे निकाल लागले की इंदूरमध्ये सल्ल्यासाठी माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक घरांचा प्रश्न एकच असतो. चांगल्या कॉलेजात कॉम्प्युटर सायन्स मिळत नाहीये, मग मिळेल त्या खासगी कॉलेजात बीटेक घ्यावं की बीसीए, म्हणजे कॉम्प्युटर ॲप्लिकेशन्सची पदवी करावी? आणि बीसीए केलं तर मुलाचं कायमचं नुकसान तर नाही ना होणार? याला सरसकट उत्तर नाही, म्हणून एका घराची गोष्ट सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

लोकमान्य नगरातलं कुटुंब. वडील एमटी क्लॉथ मार्केटात एका घाऊक पेढीचे हिशेब बघतात, आई घरी शिवणकाम करते. मुलगी एमपी बोर्डाची, बारावीला ८१ टक्के. एसजीएसआयटीएस किंवा विद्यापीठाचं आयईटी, इंदूरच्या या दोन्ही अभियांत्रिकी कॉलेजांत कॉम्प्युटर मिळण्याइतका जेईईचा रँक नव्हता. मुख्यमंत्री मेधावी योजनेत अभियांत्रिकीची फी सरकार भरतं, पण त्यासाठी जेईई मेनचा रँक दीड लाखाच्या आत लागतो. तोही नव्हता. मग उरली सीएलसी, म्हणजे केंद्रीय फेऱ्या संपल्यावर कॉलेजं आपापल्या पातळीवर जागा भरतात ती फेरी. एका कॉलेजातून रोज फोन येत होते: ‘कॉम्प्युटर सायन्स विथ एआय-एमएल’ची (कृत्रिम बुद्धिमत्ता आणि मशीन लर्निंग) सीट आहे, आज टोकन भरा, उद्या मिळेलच असं नाही.

“मॅडम, पीएफमधून उचल घेतो, बाकीचं लोन काढतो,” वडील म्हणाले. “पण बीटेकच करवून टाकू. पुण्याचे आमचे साडू सांगतात, बीसीएवाल्याला कोणी विचारत नाही.”

आईचं म्हणणं आणखी थेट होतं. “ज्यांना कुठेच मिळत नाही ते बीसीए करतात, असंच पाहिलंय आम्ही.”

मुलगी काही बोलली नाही. मी तिच्याकडून जेईईचं स्कोअरकार्ड मागून घेतलं.

त्या कागदावरचं एकूण पर्सेंटाइल सगळं घर पाठ म्हणून दाखवतं, पण वरचे तीन विषयांचे रकाने कोणी वाचत नाही. जेईई मेनचे ३०० गुण, गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र यांना सारखे शंभर-शंभर. हिचं गणित ९३ पर्सेंटाइल, भौतिक ७१ आणि रसायन ५८. म्हणजे कॉम्प्युटरच्या अभ्यासाला ज्याची खरी गरज असते ते तिच्याकडे होतं, आणि तिचा रँक बुडवला होता रसायनाने. बीटेकच्या पहिल्या वर्षी भौतिक, रसायन आणि इंजिनिअरिंग ड्रॉइंग बहुतेक ठिकाणी पुन्हा वाट्याला येतात, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

घरचे थोडा वेळ बाहेर बसले तेव्हा तिला विचारलं, कॉम्प्युटरवर आतापर्यंत काय केलंस? वडिलांच्या पेढीची उधारी ती एक्सेलमध्ये लावून देत असे. पायथन यूट्यूबवर थोडं शिकली होती. मी तिला पुढच्या भेटीसाठी काम दिलं: पेढीची वर्षभराची बिलं घे, प्रत्येक व्यापाऱ्याची एकूण बाकी काढणारा प्रोग्राम पायथनमध्ये लिही, आणि कुठे अडलीस ते वहीत लिहून आण. असं काम मी बऱ्याच मुलांना देते. प्रोग्राम चालला की नाही, यात मला फारसा रस नसतो. अडल्यावर मूल काय करतं, ते बघायचं असतं.

तिचा प्रोग्राम चालला. वहीत मात्र एक तक्रार होती. “बाबा म्हणतात लॅपटॉप जुना आहे म्हणून हळू चालतं. पण दहा हजार ओळींना जेवढा वेळ लागला त्याच्या चौपट चाळीस हजारांना लागायला हवा होता. लागला सोळापट. असं का?”

तिने प्रत्येक ओळीसाठी पुन्हा सगळ्या ओळी तपासल्या होत्या. चाळीस हजार गुणिले चाळीस हजार, म्हणजे १६० कोटी तुलना. ओळी चौपट झाल्या की काम सोळापट होणारच. तेच काम पायथनच्या डिक्शनरीने केलं, म्हणजे यादीतून एकदाच फिरत प्रत्येक नावापुढे रक्कम मिळवत गेलं, तर त्याच जुन्या लॅपटॉपवर क्षणात होतं. मी तिला एवढंच सांगितलं की हा लॅपटॉपचा दोष नाही. याचा एक स्वतंत्र विषय आहे, डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदम, आणि त्याच्या मुळाशी गणित आहे. ती तिथेच कागदावर पुन्हा गुणाकार करत बसली.

आता हिच्या जागी एखादं दुसरं मूल असतं, ज्याला वेबसाइट नि ॲप झटपट उभं करायला आवडतं आणि गणित पाहिलं की जांभई येते, तर मी बीसीएच सुचवलं असतं आणि आईवडिलांना निर्धास्त राहायला सांगितलं असतं. बीसीएत प्रोग्रामिंग, डेटाबेस, वेब हे पहिल्यापासून हाताला लागतं. २०२४-२५ पासून ते एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या नियामक संस्थेच्या कक्षेतही आलं आहे, त्यामुळे कॉलेजला मान्यता आहे का, हे तरी तपासता येतं. टीसीएस, विप्रो बीसीए-बीएससीच्या मुलांना वेगळ्या वाटेने घेतात. सुरुवातीचा पगार बीटेकवाल्यांपेक्षा कमी असतो, हे लपवण्यात अर्थ नाही. साडूंच्या बोलण्यात तथ्य तेवढंच होतं.

पण या मुलीपुढे तिसरं दार होतं, आणि त्याचं नाव घरात कोणी काढलंच नव्हतं: गणित, सांख्यिकी आणि कॉम्प्युटर सायन्स घेऊन बीएससी. होळकर विज्ञान महाविद्यालय १८९१ पासून याच शहरात आहे, फी सरकारी कॉलेजाची. वडील म्हणाले, “बीएससी? ती तर मास्तरकीची लाइन.” मग मी पुढचा हिशेब मांडला. पदवीनंतरचं एमसीए, म्हणजे कॉम्प्युटर ॲप्लिकेशन्सचं पदव्युत्तर शिक्षण, २०२० पासून दोनच वर्षांचं झालं आहे. एनआयटींमधल्या एमसीएसाठी निम्सेट ही परीक्षा असते. भोपाळची एनआयटी, म्हणजे मॅनिट, तीही त्यात येते. निम्सेटला बसायला ६० टक्के लागतात आणि पदवीला गणित किंवा सांख्यिकी हा विषय लागतो. बीसीए घेणाऱ्यांनीही अभ्यासक्रमात गणित आहे ना, हे आधी पाहावं, नाहीतर तीन वर्षांनी हे दार बंद आढळतं. शिवाय मध्य प्रदेशात नवं शैक्षणिक धोरण २०२१-२२ पासून लागू आहे, त्यामुळे चौथं वर्ष करून ऑनर्सही घेता येतं. बाहेरदेशी एमएसला चार वर्षांची पदवी मागणारी विद्यापीठं बरीच आहेत, तिथे ते कामाला येतं.

विद्यापीठाच्या आयआयपीएस या संस्थेतलं एकात्मिक एमसीए, जे बारावीनंतर थेट सुरू होतं, तेही तिला शोभलं असतं. पण ते सीयूईटी या प्रवेश परीक्षेतून, आणि तो फॉर्म बारावीच्या परीक्षेच्या गडबडीत कधीच निघून गेला होता. दर वर्षी अशी मुलं भेटतात. अकरावीतच एका कागदावर तारखा लिहून फ्रिजवर लावा, असं मी आता सगळ्यांनाच सांगते.

राहिलं एआय-एमएल. माझं मत सांगायचं तर ब्रांचच्या नावापुढच्या या शेपटासाठी एक रुपयाही जास्त मोजू नये. सुरुवातीची सत्रं साध्या सीएससारखीच असतात, आणि पुढचे विषय शिकवायला माणूस आहे का, हा खरा प्रश्न. वडिलांना म्हटलं, त्या फोन करणाऱ्याला एवढंच विचारा की मशीन लर्निंग तिसऱ्या वर्षाला कोण शिकवतं आणि त्यांना भेटता येईल का. त्यांनी विचारलं. पलीकडून उत्तर आलं, “सर, फॅकल्टी तर दर सेमिस्टरला बदलते, तुम्ही प्लेसमेंट बघा.” वडील हिशेबातले असल्याने त्यांना या वाक्याची किंमत लगेच कळली.

बीएससीला आई सगळ्यात शेवटी तयार झाली, आणि तेही एका अटीवर: वर्ष फुकट जातंय असं वाटलं तर लगेच बोलायचं. अट रास्त होती. मी त्यात एक भर घातली. बीएससीच्या वर्गात कोडिंग बेताचंच होतं, म्हणून आठवड्यातले दोन दिवस तिने एनपीटीईएल या ऑनलाइन मंचावरची आयआयटीची मोफत व्याख्यानं ऐकायची आणि त्यातली गणितं स्वतः सोडवायची.

आता ती तिसऱ्या वर्षाला आहे. पेढीचा उधारीचा प्रोग्राम वडील रोज वापरतात आणि त्यात काही बिघडलं की कॉलेज सुटायच्या वेळेला फोन करतात. चौथं वर्ष करायचं की एमसीएला जायचं यावर घरात पुन्हा दोन पक्ष पडले आहेत, साडूही त्यात आहेतच. निर्णय निकालानंतर होईल, निम्सेटचा फॉर्म मात्र तिने भरून टाकला आहे.